धडपडणाऱ्या मुलांचा सोबती
किशोरवयीनांमधील समाजकार्य : एक जीवनकार्य आणि एक व्यवसाय

रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही माध्यमिक शाळेच्या पटांगणात जून महिन्यात उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. दहावीचा दाखला हातात घेतलेली मुले पावसाच्या सरी चुकवीत पडवीत उभी असतात. कोकण विभागीय मंडळाचा निकाल २०१२ मध्ये प्रथम स्वतंत्रपणे लागला. तेव्हापासून हा विभाग उत्तीर्णांच्या प्रमाणात राज्यात सातत्याने आघाडीवर राहिला आहे. शिक्षकांना आणि पालकांना याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दाखला घेतलेल्या मुलास “पुढे काय?” असे विचारले, तर तो बहुधा खाली मान घालतो. या खाली घातलेल्या मानेमागे काय आहे, हे परीक्षेच्या निकालपत्रकावरून कळत नाही. ते जाणून घेणारी व्यक्ती त्या मुलाच्या आयुष्यात असावी लागते. अशी व्यक्ती होणे हे एक कार्य आहे, शास्त्र आहे आणि आज तो एक मान्यताप्राप्त व्यवसायही आहे. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उंबरठ्यावरचे वय

दहा ते एकोणीस वर्षे या वयोगटास आरोग्यशास्त्रात किशोरावस्था म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात या वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली होती, म्हणजे दर पाच नागरिकांमागे एक. शरीर झपाट्याने वाढत असते, आवाज फुटतो, मुलींना ऋतुप्राप्ती होते, मनात लज्जा व धाडस एकाच वेळी वस्तीला येतात. या वयात आईवडिलांपेक्षा मित्रांचा शब्द वजनदार वाटू लागतो. घरी मूल म्हणून रागावले जाते आणि कामाच्या वेळी मात्र मोठा म्हणून जुंपले जाते. धड लहानांत नाही, धड मोठ्यांत नाही, अशी ही अवस्था असते.

कोकणात या अवस्थेला स्थानिक परिस्थितीची जोड मिळते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा मात्र घटला. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या आकड्यांचा अर्थ वाडीवाडीत वाचता येतो. वडील मुंबईस चाकरमानी, घरी आई आणि आजी, गणपती व शिमगा या दोन सणांपुरती बापलेकांची भेट. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की तोही मुंबईची वाट पाहू लागतो. बंदराकाठच्या गावात तो होडीवर खलाशी म्हणून जातो, तर आंब्याच्या हंगामात बागेत राबतो. मुलीचे शिक्षण पुढची शाळा किती दूर आहे आणि एस. टी. किती वाजता सुटते यावर अवलंबून राहते. या मुलांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, परंतु त्यांचे ऐकून घेणारे मात्र थोडे असतात.

पालगडचा मुलगा, अमळनेरचे छात्रालय

ऐकून घेणारा एक माणूस याच जिल्ह्याने महाराष्ट्रास दिला. दापोली तालुक्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे, परंतु वैभव ओसरत चाललेले. प्राथमिक शिक्षण पालगडास, नंतर दापोलीच्या मिशन शाळेत आणि पुढे औंध संस्थानात व पुण्यास झाले. औंधला असताना स्वतः शिजवून खाण्याचे, प्रसंगी उपाशी राहण्याचे दिवस त्यांनी काढले. १९१७ साली, ऐन विद्यार्थिदशेत, त्यांची आई निवर्तली. परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाची भूक, शरम आणि घरची ओढ यांचा अभ्यास त्यांनी पुस्तकांतून केलेला नव्हता, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

आजच्या तरुणांस विशेष उद्बोधक वाटेल अशी गोष्ट यापुढे आहे. साने यांनी आपल्या जीवनाची योजना मुलांमध्ये काम करण्यासाठी आखलेली नव्हती. तत्त्वज्ञान हा त्यांचा आवडीचा विषय. त्याच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले. मात्र तेथील अलिप्त, ग्रंथबद्ध वातावरणात त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते त्याच गावच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले आणि नंतर शाळेच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. जो मनुष्य जीवनाचे तत्त्व ग्रंथांत शोधावयास आला होता, त्यास ते बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या खोल्यांत सापडले.

छात्रालय म्हणजे काय असते, हे जे वसतिगृहात राहिले आहेत ते जाणतात. इतस्ततः पडलेले कपडे, न उचललेली अंथरुणे, आजारी पडलेला एखादा मुलगा, फी न भरल्यामुळे गप्प झालेला दुसरा. अशा ठिकाणी व्यवस्थापकाने दंड करावा, हजेरी घ्यावी, घंटा वाजवावी, ही सर्वमान्य पद्धत. साने गुरुजींनी वेगळी वाट धरली. मुले शाळेत गेली असता ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. याविषयी ते बोलून दाखवीत नसत. मुले परत येत आणि पाहत. लाजेपेक्षाही आपलेपणाची भावना त्यांच्या मनात आधी उभी राही आणि हळूहळू ती स्वतःच खोल्या नीट ठेवू लागत. आजारी मुलाची शुश्रूषा ते स्वतः करीत. वेतनातील पुष्कळसा भाग गरजू विद्यार्थ्यांवर खर्च होई. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले आणि पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले.

यातील दैनिकाची गोष्ट वरवर साधी वाटते, परंतु तिचे मर्म मोठे आहे. छात्रालयातील मुलांच्या जीवनात रोज लिहिण्यासारखे काही घडते, ते कोणीतरी पाहते आणि त्याची दखल घेते, ही जाणीव किशोरवयीन मुलास केवढे बळ देते! आधुनिक समाजकार्यात ‘गटकार्य’ म्हणून जी पद्धत शिकविली जाते, तिचे बीज येथे दिसते. गटास समान उद्योग द्यावा, त्यात प्रत्येकास स्थान असावे आणि कार्यकर्त्याने नेतृत्व हळूहळू मुलांकडे सोपवावे, हे त्या पद्धतीचे सूत्र होय.

१९३० साली गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला आणि ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. शाळा सुटली, तरी मुले सुटली नाहीत. १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. आश्रमात रोज रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. बेचाळीस रात्रींचे हे कथन म्हणजे वयात येणाऱ्या श्रोत्यांशी कसे बोलावे याचा वस्तुपाठच होय. सांगणारा आपले दोष लपवीत नाही. म्हणून ऐकणारे त्याच्यावर विश्वास टाकतात. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीचे नाव ‘धडपडणारी मुले’ असे आहे. ‘वाया गेलेली’, ‘उनाड’, ‘हूड’ ही विशेषणे समाजाजवळ तयारच होती. त्यांच्या जागी गुरुजींनी ‘धडपडणारी’ हा शब्द ठेवला. किशोरांकडे पाहण्याची दृष्टी एका शब्दाने कशी पालटते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुढे १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख होते आणि गुरुजी सेवा दलाच्या मुलामुलींचे प्रेरणास्थान झाले. जातिधर्माचा भेद न मानता मुलेमुली एकत्र खेळू, गाऊ आणि श्रमदान करू लागली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. तत्पूर्वीच्या त्यांच्या महाराष्ट्रव्यापी दौऱ्यात सेवा दलाचे कलापथक गावोगाव त्यांच्यासमवेत होते. तरुणांना केवळ सुधारावयाचे नसते. त्यांच्या शक्तीस समाजसुधारणेचे काम द्यावयाचे असते, ही जाण त्यामागे होती.

जिव्हाळा आणि शास्त्र

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गुरुजींचे चरित्र वाचून अनेकांस वाटते की अशा कार्यास केवळ विशाल अंतःकरण पुरते. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. त्याच्या कारणांविषयी तर्क करणे उचित नव्हे. तथापि इतके म्हणता येईल की दुसऱ्यांची दुःखे अहोरात्र वाहणाऱ्या माणसाच्याही मनाची विचारपूस व्हावी लागते. त्यासही सहकारी, विश्रांती आणि आधार लागतो. समाजकार्याच्या आधुनिक शिक्षणात कार्यकर्त्याने अनुभवी मार्गदर्शकाजवळ नियमितपणे आपल्या कामाविषयी बोलावे, असा जो दंडक आहे, तो यासाठीच. जिव्हाळ्याला शास्त्राची जोड मिळाली म्हणजे कार्य टिकते आणि कार्यकर्ताही टिकतो.

या शास्त्राचे शिक्षण आपल्या देशात प्रथम महाराष्ट्रातच सुरू झाले. १९३६ साली मुंबईस सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या श्रमिक वस्तीत सेवाकेंद्र चालवीत होते. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय निघाले. १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. ज्यांचे नाव या शेवटच्या संस्थेस दिले आहे ते महर्षी धोंडो केशव कर्वे हेही मूळचे दापोली तालुक्यातील मुरूडचे, हे रत्नागिरीकरांस सांगावयास नकोच. गणिताच्या प्राध्यापकीचा पेशा सांभाळीत त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढे सारे आयुष्य स्त्रीशिक्षणास वाहिले. पोटापाण्याचा उद्योग आणि अंतःकरणाची हाक यांची गाठ पडण्यास कधी कधी वेळ लागतो, हा त्यांच्याही चरित्राचा बोध होय.

कोणत्याही शाखेचा पदवीधर समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मागू शकतो. हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. वर्गातील विषयांइतकेच महत्त्व ‘क्षेत्रकार्या’स असते. विद्यार्थ्यास आठवड्यातील काही दिवस वस्ती, शाळा, रुग्णालय किंवा बालगृह यांत प्रत्यक्ष काम करावे लागते, त्याची नोंद लिहावी लागते आणि ती मार्गदर्शकापुढे ठेवावी लागते. आपणास हे काम झेपेल काय, याची खरी परीक्षा येथेच होते.

कायद्याने निर्माण केलेले स्थान

किशोरांमधील समाजकार्य आता केवळ दानशूरांच्या मर्जीवर अवलंबून राहिलेले नाही. मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांविषयीचा कायदा झाला आणि अपराधी मुलास प्रौढ गुन्हेगाराप्रमाणे वागवू नये, हे तत्त्व रुजू लागले. सध्या २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालक होय. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असते. त्यात एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्या दोहोंपैकी किमान एक स्त्री असावी लागते. म्हणजे न्यायदानाच्या आसनावर समाजकार्यकर्त्यास कायद्यानेच बसविले आहे. निराधार, छळ झालेल्या वा हरवलेल्या मुलांसाठी अध्यक्ष व चार सदस्य असलेली बाल कल्याण समिती असते. मुलाच्या घरची परिस्थिती, त्याची शाळा, संगत व स्वभाव यांचा सामाजिक अन्वेषण अहवाल परिविक्षा अधिकारी वा समाजकार्यकर्ता तयार करतो. त्या अहवालातील दोन पाने एखाद्या मुलाचे भवितव्य ठरवू शकतात.

याशिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृहे, बालगृहे, शाळांतील समुपदेशन आणि आरोग्यसेवा ही कार्यक्षेत्रे आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण, मानसिक आरोग्य, व्यसनप्रतिबंध, लैंगिक आरोग्य यांचा विचार केलेला आहे. त्यातील किशोरस्नेही आरोग्य केंद्रे आपल्या राज्यात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. संकटातील मुलांसाठी असलेली १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेचा एक प्रकल्प म्हणून जन्मास आली आणि पुढे देशभर पसरली. रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांशी बोलता बोलता तिची कल्पना आकारास आली, ही गोष्ट लक्षणीय आहे. येथेही आरंभ ऐकून घेण्यातूनच झाला.

आपली हाक कशी ओळखावी?

महाविद्यालयीन तरुण-तरुणी पुष्कळदा विचारतात की, हे काम आपले आहे हे ओळखावे कसे? त्यास तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात.

पहिली कसोटी सहवासाची. मुलांसमवेत सलग काही दिवस राहून पाहावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आपल्या विद्यापीठांतून चालू आहे. तिच्या हिवाळी शिबिरात एखाद्या वाडीतील मुलांसमवेत दिवस घालविल्यावर थकवा आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटते काय, हे स्वतःस विचारावे.

दुसरी कसोटी संयमाची. या कामात फळ उशिरा लागते. हापूसची कलम लावणारा बागायतदार पहिल्याच वर्षी मोहोराची अपेक्षा करीत नाही. दारूच्या नादी लागलेला मुलगा चारदा शब्द देऊन पाचव्यांदा मोडतो. अशा वेळी ज्यास त्याच्याविषयी तिरस्कार न वाटता सहाव्या प्रयत्नाची तयारी राहते, त्याने या वाटेस जावे.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, ती स्वतःस बाजूस ठेवण्याची. मुलाने आपल्यावर अवलंबून राहावे, आपले गुण गावे, अशी सुप्त इच्छा अनेक सेवकांत असते. खरा कार्यकर्ता मुलास स्वतःच्या पायांवर उभे करून हळूच दूर होतो. एक आवश्यक सावधगिरीही येथे नमूद करावी : मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये, परंतु त्याच्यावर अत्याचार होत असल्याचे कळल्यास ती गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शिक्षकांनीही हे ध्यानी ठेवावे.

गावाने काय करावे?

या कार्याचा भार थोड्या व्यावसायिकांवर टाकून गावास स्वस्थ बसता येणार नाही. ग्राम बाल संरक्षण समितीची तरतूद आहे. तिचे अध्यक्षस्थान सरपंचाकडे असते आणि शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका यांच्याबरोबर मुलांच्या प्रतिनिधींनाही तीत स्थान आहे. ही समिती केवळ कागदावर राहू नये. तिची बैठक भरावी आणि मुलांच्या प्रतिनिधींनी तीत प्रत्यक्ष बोलावे. शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलाचे नाव समितीजवळ असावे आणि त्याने शाळा का सोडली याची चौकशी त्याच्या घरी जाऊन व्हावी. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या सचिवावर जबाबदारी टाकलेली आहे. मुहूर्ताच्या दिवशी मांडवात जाण्यापेक्षा मुलगी शाळेत गैरहजर राहू लागताच घरी जाणे अधिक परिणामकारक ठरते.

शिक्षकांना तर फारसे सांगण्याची आवश्यकता नाही. वर्गातील गप्प बसणाऱ्या मुलाशी आठवड्यातून पाच मिनिटे बोलावयास शासनाचे परिपत्रक लागत नाही. ग्रंथालयाच्या पडवीत संध्याकाळी दिवा लावून मुलांस हस्तलिखित काढू द्यावे, वाडीच्या विहिरीचा गाळ काढण्याचे काम त्यांच्या मंडळाकडे सोपवावे, मुंबईहून गणपतीस आलेल्या चाकरमान्यांनी एक संध्याकाळ मुलांना आपल्या धंद्याची खरी माहिती, त्यातील खाचखळग्यांसह, सांगावी. या सर्व गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत.

आपल्याच जिल्ह्यात देवरूख येथे १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मातृमंदिराचा आरंभ केला. त्यातूनच पुढे निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ उभे राहिले आणि सारा परिसर त्यांना मावशी म्हणू लागला. समोर आलेल्या गरजेस नाही म्हणता आले नाही, तेव्हाच कार्य वाढत गेले. अमळनेरच्या छात्रालयात घडले ते याहून निराळे नव्हते.

जून महिन्यात शाळेच्या पडवीत दाखला घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहू या. त्यास नोकरीची माहिती हवी आहे, हे खरे. परंतु त्याआधी कोणीतरी त्याच्या शेजारी उभे राहावे, ही त्याची गरज आहे. आणि कदाचित त्याच पडवीत अशी एखादी तरुण शिक्षिका, असा एखादा पदवीधर उभा असेल, ज्यास आपले जीवनकार्य कोणते हे अद्याप उमगलेले नाही. त्या दोघांची भेट घडवून आणणे हे शाळेचे, ग्रामपंचायतीचे आणि शासनाचे काम आहे. ती घडली, तर पालगडच्या त्या मुलाचे ऋण काही अंशी तरी फिटेल.